अवेळचा चहा

१ फेब्रुवारी

लेकीनं तिच्या ऑफिसातून ही डायरी आणून दिली. म्हणाली, "बाबा, तुम्ही हल्ली बोलत नाही, निदान लिहा तरी." मी म्हणालो, मी कधी बोलत होतो? त्यावर मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं आणि दोघी कामाला लागल्या.

गावच्या शाळेत आम्हाला रोज पाच ओळी शुद्धलेखन असे, त्यामुळे अक्षर अजून बरं आहे. जानेवारीची पानं कोरीच सोडली. जानेवारीत लिहिण्यासारखं काही घडलं नव्हतं. नऊ नंबरचे मास्तर गेले, तेवढंच.

या वृद्धाश्रमात परिचारक म्हणून मला बरीच वर्षं झाली. बायकांना इथं सिस्टर म्हणतात, मला ब्रदर. माणसं इथं येतात ती शेवटच्या मुक्कामाला, हे पहिल्याच आठवड्यात कळतं. त्यामुळे कुणी गेलं म्हणून आमच्यासारख्यांनी हातपाय गाळून चालत नाही. पद्धत ठरलेली आहे. कुणी गेलं की हॉलचं आतलं दार लोटायचं, टीव्हीचा आवाज वाढवायचा आणि सगळ्यांना चहा द्यायचा, मग चहाची वेळ झालेली असो वा नसो. मंडळी कपात गुंतली की मागच्या बाजूनं, स्वयंपाकघराच्या दारातून, स्ट्रेचर बाहेर न्यायचं. कुणी विचारलं तर सांगायचं, 'घरी नेलं त्यांना.' म्हातारी माणसं घाबरू नयेत म्हणून ही व्यवस्था. चांगली व्यवस्था आहे. मास्तरांच्या वेळी मीच त्यांचं अंग पुसलं, हनुवटीला फडकं बांधलं, हात धुतले आणि चहाचा ट्रे उचलला. हसतमुखानं सगळीकडे फिरवला. एक थेंब सांडला नाही.

आज मोठ्या सिस्टरांना सांगितलं की मला धुलाईकडे टाका. चादरींच्या घड्या घालीन. माणसं नकोत आता. अर्थात हे शेवटचं वाक्य मी बोललो नाही, गुडघे दुखतात असं कारण दिलं. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. "महिनाअखेरीला ठरवू," म्हणाल्या. धुलाईत दिवसभर उभंच राहावं लागतं, हे मला बाहेर आल्यावर आठवलं.

३ फेब्रुवारी

नवी सिस्टर आली आहे. लेकीच्याच वयाची. मोठ्या सिस्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ब्रदर, हिच्याकडे जरा लक्ष असू द्या. हळवी आहे. हाताचं काम कुणीही शिकवतं, मनाचं काय करायचं ते कुणी शिकवत नाही."

मी म्हणालो, काळजी सोडा. पोरीला लगेच जवळ बोलावून सांगितलं, इथं झाकली मूठ सव्वा लाखाची. आतलं आत ठेवायचं. तिनं मान डोलावली. मग म्हणाली, "ब्रदर, तुम्ही डबा खाल्लात का?"

नव्हता खाल्ला. तिला कसं कळलं कोण जाणे.

४ फेब्रुवारी

चहा सोडला. पित्त वाढलं असावं. घोट घेतला की घशाशी अडकतो.

८ फेब्रुवारी

आज फजिती झाली. लिहावी की नाही असं वाटत होतं, पण ही डायरी माझ्याखेरीज कोण वाचणार.

सकाळी स्टीलच्या वाडग्यात गरम पाणी घेतलं, ब्रश घेतला, साबण घेतला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि नऊ नंबरच्या खोलीत शिरलो. ब्रशाला चांगला फेस आणला. वर बघतो तर खाटेवर मास्तर नाहीत. एक म्हातारी बसली आहे आणि माझ्याकडे टक लावून बघते आहे.

परवा दाखल झालेल्या आजी. त्यांना मीच आत आणलं होतं, उशीही मीच दिली होती. उभा जन्म लोकांचे कपडे शिवण्यात गेला त्यांचा. एक तर हा धंदा आणि दुसरी ती जीभ, त्यामुळे दोन दिवसांत सगळा मजला त्यांना कात्रीआजी म्हणू लागला आहे.

"कर की," कात्रीआजी म्हणाल्या. "थांबलास का? या वयात तेवढीच हौस राहिली होती."

फेस चपलेवर गळत होता. एवढ्यात नवी सिस्टर दारात. ही पोरगी वेळेवर कशी उगवते तेच कळत नाही. "आजी, ब्रदर खोली चुकले," ती म्हणाली.

"खोली नाही चुकला तो. सरळ आला, न बघता स्टूल ओढलं. माणूस चुकलाय." मग मला म्हणाल्या, "कुणाची दाढी करायचास?"

"आधी इथं जे होते त्यांची. ते घरी गेले," मी पाठ असलेलं उत्तर दिलं.

"अस्सं. आणि जाताना ब्रश विसरले वाटतं."

ब्रश मास्तरांचाच होता. तो माझ्या खिशात का राहिला हे मलाही सांगता आलं नसतं. मी निघालो तर म्हणाल्या, "पाणी आणलंच आहेस तर फेकू नकोस, आण इकडे." आणि दोन्ही हात पुढं केले. संधिवातानं त्यांची बोटं तळव्यात वळली आहेत. सुई धरून धरून मुठी मिटल्या त्या मिटल्याच, म्हणतात. मी ते हात वाडग्यात धरले. पाणी गार होईपर्यंत सोडले नाहीत.

११ फेब्रुवारी

माझी प्रार्थना साधी आहे. मंत्र, श्लोक फारसे येत नाहीत. सकाळी देवासमोर बसतो आणि खाटांच्या क्रमानं सगळ्यांची नावं घेतो. शेवटी घरच्यांची. आईनं सांगितलं होतं, देवाकडे काही मागायचं सुचलं नाही तर नुसती नावं घे, पुढचं तो बघेल.

हल्ली आठव्या खाटेपर्यंत ठीक जातं. नवव्या खाटेपाशी आलो की काहीतरी काम आठवतं. गॅस बंद केला का, नळ चालू राहिला का. आज नळ खरंच चालू होता.

प्रश्न तसा सरळ आहे. कात्रीआजींचं नाव घेतलं तर मास्तरांचं पुसल्यासारखं होतं. मास्तरांचं घेतलं तर कात्रीआजींवर अन्याय. त्यामुळे पुढं सरकताच येत नाही. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आमच्यापर्यंत तुम्ही पोचतच नाही म्हणा की." हसत म्हणाली, पण पोळपाट जरा जोरात ठेवला.

१५ फेब्रुवारी

कात्रीआजींच्या हातांचं रोजचंच झालं आहे. त्याच वेळी, त्याच वाडग्यात. पाण्यात शेकून झाले की एकेक बोट हळूहळू सरळ करायचं. दुखतं त्यांना. तोंडानं माझ्या सात पिढ्यांचा उद्धार चालू असतो. काल म्हणाल्या, "मुकाट्यानं बोटं मोडतोस, जल्लादासारखा. काहीतरी बोल, म्हणजे माझं लक्ष तिकडे जाईल."

"काय बोलू?"

"ब्रशवाल्याचं बोल."

गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं नाही, हा नियम आहे. पण त्याशिवाय त्या बोट धरू देईनात. रुग्णानं सहकार्य करणं महत्त्वाचं, म्हणून मी बोललो. मास्तर गणित शिकवायचे. टीव्हीवर बातम्या देणारीनं आकडा चुकीचा वाचला की खुर्चीतून ओरडायचे, "बस खाली!" शेवटी शेवटी सगळं विसरले. मुलगा यायचा तर त्याला डॉक्टर समजायचे. पण ब्रश गालाला लागला की लहान पोरासारखी हनुवटी आपोआप वर करायचे. जाण्याच्या आदल्या दिवशी दाढी करताना मला विचारलं, "तू कुणाचा रे?"

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, तुमचाच."

"मग?"

"मग काही नाही. 'मग बरोबर,' म्हणाले."

तोवर कात्रीआजींची करंगळी बरीच सरळ आली होती. मग म्हणाल्या, "आणि दुसऱ्या दिवशी तू हसत हसत चहा वाटलास."

मी दचकलो. त्या तर तेव्हा इथं नव्हत्या.

"तुमचा तो पोस्टमन सांगत होता. म्हणाला, अवेळी चहा आला की समजायचं एक गेला. मग सगळे खाली माना घालून चहा पितात. कुणी कुणाकडे बघत नाही. कशाला, तर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

पोस्टमन आजोबा सहा नंबरला आहेत. हयात टपाल वाटण्यात गेली.

म्हणजे इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आम्ही लपवतोय हे आमच्यापासून लपवत होते. दिवसभर कुणाच्या डोळ्याला डोळा देता आला नाही.

"मूठ झाकून ठेवायची असते, आजी," मी निघताना म्हणालो.

"बघ की माझ्याकडे. इतकी वर्षं झाकली, आता जेवायला दुसऱ्याचा हात लागतो."

१८ फेब्रुवारी

मोठ्या सिस्टरांना नव्या पोरीबद्दल सांगून आलो. कामाला चोख आहे, पण एकटं राहायला घाबरते. सारखी माझ्या मागं मागं असते. मी जेवायला बसलो की समोर येऊन बसते आणि डबा संपेपर्यंत उठत नाही. औषधांची गाडी मी ढकलतो तर तीही हात लावते. "आणि दर थोड्या वेळानं विचारते, ब्रदर, बरं आहे ना? स्वतःच्या मनातली भीती माणूस अशीच दुसऱ्याला विचारतो," मी म्हणालो.

मोठ्या सिस्टरांना खोकला आला. पाणी प्यायल्या. "तुम्ही तिला सांभाळताय, हे फार बरं झालं," म्हणाल्या.

मला समाधान वाटलं.

२१ फेब्रुवारी

पोस्टमन आजोबांचं लक्षण ठीक नाही. पायांवर सूज, धाप. डॉक्टर म्हणाले, आता त्रास होऊ द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

आज त्यांना कुशीवर वळवत होतो तर माझं मनगट धरलं. "ब्रदर, तुला एक काम सांगतो. माझ्या वेळी चहा लवकर आणायचा नाही."

मी म्हणालो, असं काय बोलता, आजोबा.

"ऐक. ऊन असो, चिखल असो, मी कुणाच्याही घरी पुढच्या दारानं गेलो. कुत्री अंगावर आली तरी पुढच्याच दारानं. मला स्वयंपाकघरातून, कांद्याबटाट्याच्या पोत्यांमधून काढू नकोस बाबा."

पुढचं दार हॉलमधूनच आहे. म्हणजे सगळ्यांच्या देखत.

"बघू," मी म्हणालो.

"बघू नको म्हणूस. पत्र आज येईल का, असं लोक विचारायचे तेव्हा मीही 'बघू' म्हणायचो. मला माहीत असायचं पत्र नाही ते."

मी हो म्हणालो. शब्द देऊन बसलो. धुलाईकडे आठ दिवस आधीच गेलो असतो तर हे माझ्याकडे आलंच नसतं.

२२ फेब्रुवारी

मोठ्या सिस्टरांकडे विषय काढला. त्या म्हणाल्या, "कुणाला धक्का बसला, कुणाचं ब्लडप्रेशर वाढलं, तर व्यवस्थापक मला जाब विचारतील." मी म्हणालो, खरं आहे. मग त्याच म्हणाल्या, "माझ्या पहिल्या वर्षी मी असाच चहा वाटला होता. घरी जाऊन आईशी कारण नसताना भांडले." एवढं बोलून त्यांनी सुया मोजायला घेतल्या. नंतर म्हणाल्या, "व्यवस्थापकांना विचारते."

देवासमोर आजही आठव्या खाटेपर्यंतच. पण सहाव्यापाशी जास्त वेळ थांबलो.

२५ फेब्रुवारी

पोस्टमन आजोबा दुपारी गेले. जेवणं उरकली होती. मी एका बाजूला होतो, नवी सिस्टर दुसऱ्या बाजूला. त्रास झाला नाही. नव्या सिस्टरचे डोळे वाहत होते आणि हात काम करत होते, दोन्ही एकाच वेळी. हे असं जमतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मोठ्या सिस्टर आल्या. मी विचारलं, "व्यवस्थापकांचं काय?"

"उत्तर आलेलं नाही."

"मग?"

"मग मी आजोबांच्या मुलाला फोन करायला आत जाते आहे. मला वेळ लागेल. बाहेरचं तुम्ही बघा." आणि ऑफिसचं दार लावून घेतलं.

स्वयंपाकघरात गेलो तर आचाऱ्यानं सवयीनं पातेलं चढवलेलंच. कप मांडून झालेले. मी गॅस बंद केला.

"अहो ब्रदर, मंडळी हॉलमध्ये बसलीत!"

"चहा चारला," मी म्हणालो.

"अहो पण..."

"रोज कधी असतो? चारला ना? मग चारला."

हॉलमध्ये जाऊन टीव्ही बंद केला. इतकी शांतता झाली की पंख्याची कुरकुर ऐकू आली. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी हजार वेळा त्या हॉलमध्ये बोललो असेन, औषधं घ्या, पाय वर घ्या, अंघोळीला चला. आज टीव्हीचा रिमोट दोनदा टेबलावर सरळ करून ठेवला. नवी सिस्टर माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"पोस्टमन आजोबा गेले," मी म्हणालो. "घरी नाही. गेले. त्यांना इथून, पुढच्या दारानं न्यायचं आहे. तसं ते सांगून गेलेत. ज्यांना बघवणार नाही त्यांना मी खोलीत सोडतो."

कुणीच खोलीत जायला निघालं नाही. कोपऱ्यातल्या आजोबांनी काठी टेकली आणि उठायला लागले. मग शेजारचे उठले. ज्यांना उठता येईना त्यांनी चाकाच्या खुर्च्या मागं घेऊन वाट मोकळी केली. कुणी किंचाळलं नाही, कुणी कोसळलं नाही. एक आजी पुटपुटल्या, "सुटला गं." दुसऱ्या म्हणाल्या, "माझ्याकडून पत्त्यांत दोन डाव जिंकून गेला, लबाड."

स्ट्रेचर कात्रीआजींपाशी आलं तेव्हा त्यांनी हात वर केला. आम्ही थांबलो. त्यांनी पोस्टमन आजोबांच्या छातीवरच्या चादरीवर हात ठेवला. बोटं पुरती सरळ नव्हती, पण मूठही नव्हती. त्यांनी चादरीची एक सुरकुती सारखी केली, शिवलेला कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी करावी तशी. "जा," म्हणाल्या. "पत्ता तुला कुणी सांगायला नको."

दार दोन्ही बाजूंनी उघडलं होतं. ऊन आत आलं होतं.

शववाहिका गेल्यावर मी परत आत आलो आणि दारातच उभा राहिलो. नव्या सिस्टरनं खुर्ची सरकवली. कात्रीआजी म्हणाल्या, "बस. आता तुझी पाळी."

मी बसलो आणि रडलो. सगळ्यांच्या देखत, गणवेशात. सुरुवात पोस्टमन आजोबांसाठी झाली, पण मधेच ते मास्तरांकडे वळलं, आणि तिथून कितीतरी मागं गेलं, ज्यांच्या वेळी मी ट्रे घेऊन फिरलो होतो त्या सगळ्यांपर्यंत. कुणी गप्प बस म्हणालं नाही. बाजूच्या आजोबांनी त्यांचा रुमाल दिला. तो स्वच्छ नव्हता.

चारला चहा आला. आचाऱ्यानं पहिला कप मला दिला. साखर भलतीच जास्त होती. सगळा प्यायलो.

२६ फेब्रुवारी

व्यवस्थापक येऊन गेले. मी बोलणी खायला तयार होतो. कुणाला त्रास झाला का, असं त्यांनी हॉलमध्ये विचारलं. कात्रीआजी म्हणाल्या, "झाला ना. इतकी वर्षं अवेळी चहा पिऊन झोपेचं खोबरं झालं." सगळे हसले. व्यवस्थापकही शेवटी हसले. म्हणाले, यापुढं ज्याच्या त्याच्या इच्छेप्रमाणे करा.

मी ब्रश खिशातून काढला, धुऊन कपाटात ठेवला. मास्तरांचा मुलगा आला की देईन.

२८ फेब्रुवारी

मोठ्या सिस्टरांनी बोलावलं. "महिना संपला. धुलाईचं काय करायचं?"

"तिथं दिवसभर उभं राहावं लागतं," मी म्हणालो.

"आणि गुडघे?"

"गुडघे बरे आहेत."

त्यांनी मान खाली घातली, हसत असाव्यात. मग मी म्हणालो की नव्या सिस्टरकडे आता मुद्दाम लक्ष ठेवायची गरज नाही. चांगली सावरली आहे. आता जेवताना समोर येऊन बसत नाही, मैत्रिणींबरोबर बसते.

"हो," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "तिनंही काल येऊन मला हेच सांगितलं. ब्रदरकडे आता लक्ष ठेवायला नको म्हणाली."

पोरगी गुणी आहे. आपल्या वडीलधाऱ्या माणसाबद्दल कुणी असं चांगलं बोललं की बरं वाटतं.

१ मार्च

सकाळी देवासमोर बसलो. सहाव्या खाटेपाशी पोस्टमन आजोबांचं नाव घेतलं. खाट रिकामी आहे, पण नाव कुठं रिकामं होतं. मग सात, आठ. नवव्यापाशी जरा थांबलो, आणि मास्तरांचं नाव घेतलं, आणि लगेच कात्रीआजींचंही घेतलं. एका खाटेला दोन नावं. काहीच बिघडलं नाही. एवढी साधी गोष्ट महिनाभर कशी सुचली नाही कोण जाणे. कुठला नळ आठवला नाही, गॅस आठवला नाही. पुढची नावं ओळीनं येत गेली, आणि शेवटी लेकीचं आलं, आणि तिच्या आईचं.

मनातल्या मनात घेतोय असं मला वाटत होतं. पण ते मोठ्यानं झालं असावं, कारण स्वयंपाकघरातून आवाज आला,

"आलात का एकदाचे आमच्यापर्यंत? थांबा, चहा टाकते."